अटलांटिकचे कॉन्व्हॉय: व्यापारी जहाजं रांगेत कशी आली

पहिल्या महायुद्धात, एप्रिल 1917 या एका महिन्यात जर्मन पाणबुड्यांनी साडेआठ लाख टनांहून जास्त जहाजं बुडवली. ब्रिटनहून लांबच्या सफरीला निघालेल्या दर चार जहाजांमागे एक परत येत नव्हतं. तरी ब्रिटिश नौदलाचं मुख्यालय, म्हणजे अ‍ॅडमिरल्टी, कॉन्व्हॉयच्या, म्हणजे युद्धनौकांच्या पहाऱ्यात व्यापारी जहाजं ताफ्याने नेण्याच्या, नावाने नाक मुरडत होती. आक्षेप अगदीच पोकळ नव्हते. ताफ्याचा वेग सर्वांत हळू जहाजाच्या वेगाएवढाच राहणार. सगळी जहाजं एकदम बंदरात आली की धक्के आणि क्रेन तुंबणार, आणि मग कित्येक दिवस रिकामे जाणार. व्यापारी कप्तानांना रात्री दिवे विझवून एकमेकांपासून ठरावीक अंतरावर जहाज चालवणं जमणार नाही. सगळ्यात मोठा आक्षेप आकड्यांचा होता. ब्रिटिश बंदरांत आठवड्याला सुमारे 2,500 जहाजं येतात आणि तितकीच जातात, मग एवढ्यांना पुरतील इतक्या विनाशिका आणायच्या कुठून?

हा आकडा अ‍ॅडमिरल्टी स्वतःच जाहीर करत असे. व्यापार सुरळीत चालू आहे असं जगाला दाखवायचं होतं, म्हणून त्यात किनाऱ्यालगत फिरणारी लहानसहान गलबतंही धरलेली असत. कमांडर रेजिनल्ड हेंडरसन यांनी जहाजवाहतूक खात्यातल्या नॉर्मन लेस्ली यांच्याकडून खरे आकडे मिळवले, तेव्हा महासागर ओलांडून येणारी मोठी जहाजं आठवड्याला जेमतेम 120 ते 140 निघाली, म्हणजे दिवसाला वीसेक. एवढ्यांना संरक्षण देणं आवाक्यातलं होतं. शत्रूला दाखवायला फुगवलेल्या आकड्यावर स्वतःच विश्वास ठेवायचा, हा प्रकार फक्त युद्धखात्यातच घडतो असं नाही. शिवाय इंग्लंडहून फ्रान्सला कोळसा नेणारी जहाजं फेब्रुवारीपासून गटागटाने जात होती आणि त्यांची हानी नगण्य होती. 10 मे 1917 रोजी जिब्राल्टरहून पहिला प्रायोगिक कॉन्व्हॉय निघाला आणि एकही जहाज न गमावता ब्रिटनला पोचला. त्यानंतर वाद उरला नाही.

म्हणून दुसऱ्या महायुद्धात कॉन्व्हॉय सुरू व्हायला फार वेळ गेला नाही. 3 सप्टेंबर 1939 ला ‘अथेनिया’ हे प्रवासी जहाज बुडालं आणि 16 सप्टेंबरला कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून एचएक्स 1 हा कॉन्व्हॉय सुटला. नऊ नॉटच्या (ताशी नऊ सागरी मैल) वरची जहाजं एचएक्समध्ये जात. ज्यांना तेवढंही जमत नसे त्यांच्यासाठी ऑगस्ट 1940 पासून कॅनडातल्याच केप ब्रेटन बेटावरच्या सिडनीहून एससी ही संथ मालिका सुरू झाली. कागदावर सात-आठ नॉट, वाऱ्याविरुद्ध कधी चारच.

कॉन्व्हॉयची रचना लांबट असेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो आडवा असे. नऊ ते बारा स्तंभ शेजारी-शेजारी, आणि प्रत्येक स्तंभात एकामागे एक चार-पाच जहाजं. पाणबुडीला टॉर्पेडो मारायला जहाजाची बाजू समोर लागते, म्हणून बाजूने दिसणारी रुंदी कमीत कमी ठेवायची. दोन स्तंभांमध्ये रात्री साधारण 1,000 यार्ड, मागच्या-पुढच्या जहाजांत 400 ते 600 यार्ड. दहा स्तंभ म्हणजे समुद्रावर साडेचार सागरी मैलांची आघाडी. जागेचा क्रमांक साधा असे: 63 म्हणजे सहाव्या स्तंभातलं तिसरं जहाज. तेलवाहू आणि दारूगोळ्याची जहाजं आतल्या स्तंभांत. मधल्या स्तंभाच्या तोंडाशी कमोडोर, बहुतेकदा निवृत्त अ‍ॅडमिरल, मोजक्या निशाणवाल्यांसह कुणाच्या तरी मालवाहू जहाजावर मुक्कामाला. व्यापारी जहाजांची शिस्त त्याच्याकडे, संरक्षक युद्धनौकांची लढाई दुसऱ्याच अधिकाऱ्याकडे.

जागा सांभाळणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम होतं. पुढच्या जहाजाच्या डोलकाठीचा कोन सेक्स्टंटने मोजायचा. कोन वाढला तर आपण जवळ जातोय, कमी झाला तर मागे पडतोय. मग ब्रिजवरून इंजिनरूमला सांगायचं, पंख्याचे दोन फेरे वाढवा, दोन फेरे कमी करा. ‘हाफ’, ‘स्लो’ अशा नेहमीच्या आज्ञा इथे फारच ढोबळ ठरत, कारण भरलेलं दहा हजार टनी जहाज ना पटकन थांबत, ना पटकन वेग घेत. कोळशावरच्या जहाजांची अडचण आणखी वेगळी. प्रत्येक पाळीला भट्ट्यांमधली राख आणि खंगर ओढून काढावा लागे. तेवढा वेळ वाफेचा दाब उतरे आणि जहाज हळूहळू मागे सरके. कोळसा हलका असला तर दाबही टिकत नसे आणि वर काळ्या धुराचा लोट उठे, जो क्षितिजापलीकडच्या पाणबुडीलाही दिसे. कमोडोरच्या जहाजावर सर्वाधिक वेळा चढणारा इशारा बहुधा हाच असेल: धूर कमी करा.

धुक्यासाठी एक साधी युक्ती होती, फॉग बोया. जहाजाच्या पिछाडीला लांब तारेने एक तरंगता सांगाडा बांधून ओढायचा. त्याच्या तोंडाशी पन्हळीसारखा भाग असे. ओढताना पाणी त्यात शिरून कारंज्यासारखं वर उडे. मागच्या जहाजाच्या नाळेवरचा पहारेकरी त्या फवाऱ्यावर नजर ठेवी. पुढचं जहाज दिसत नसलं तरी फवारा नाळेच्या आसपास असला म्हणजे अंतर बरोबर. फवारा मागे सरकून बाजूला येऊ लागला तर ताबडतोब फेरे कमी.

केरकचरा अंधार पडल्यावरच समुद्रात टाकायचा, कारण तरंगती खोकी आणि भाजीची सालं म्हणजे ताफ्याचा माग. मागे पडलेल्या जहाजासाठी कप्तानाकडे आधीच बंद लिफाफ्यात वेगळा मार्ग दिलेला असे. एकटं पडलेलं जहाज पाणबुडीला सर्वांत सोपं सावज.

ऑक्टोबर 1940 मध्ये या व्यवस्थेची उणीव उघडी पडली. सिडनीहून निघालेल्या एससी 7 मध्ये 35 जहाजं होती आणि बराच काळ सोबतीला ‘स्कारबरो’ ही एकच स्लूप, म्हणजे लहान युद्धनौका. ब्रिटिशांची सारी भिस्त अ‍ॅस्डिकवर होती, आणि हे ध्वनिलहरींचं यंत्र पाण्याखालची पाणबुडी शोधतं. जर्मन पाणबुड्या रात्री पृष्ठभागावरून आल्या. यू-99 तर थेट स्तंभांमध्ये शिरली. 20 जहाजं गेली. पाठोपाठ एचएक्स 79 मधली 12. रडार, अधिक संरक्षक नौका आणि त्यांना इंधन घ्यायला आइसलँडचा तळ, हे सगळं जमेपर्यंत मे 1941 उजाडला. एचएक्स 129 हा अटलांटिकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणबुडीविरोधी संरक्षण मिळालेला पहिला कॉन्व्हॉय.

त्याआधी पश्चिमेकडे जाणाऱ्या ताफ्यांना काही अंतरापर्यंतच सोबत मिळे. 17 सप्टेंबर 1940 च्या पहाटे ओबी 213 या कॉन्व्हॉयची विनाशिका ठरल्याप्रमाणे परतली आणि त्याच रात्री त्यातलं ‘सिटी ऑफ बनारस’ हे प्रवासी जहाज बुडालं. कॅनडाला सुरक्षित जागी नेत असलेल्या 90 मुलांपैकी 77 दगावली. जहाजावरच्या खलाशांमध्ये भारतीयांची संख्या मोठी होती.

हे अपवादात्मक नव्हतं. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर साधारण दर चौथा माणूस भारतीय होता. मुंबईहून भरती होणाऱ्यांत डेकवर कोकण किनाऱ्यावरचे खलाशी, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल हे मुकादम. भंडारखाना आणि सलूनमध्ये गोवेकर. खाली भट्ट्यांवर आगवाले. पगार गोऱ्या खलाशाच्या सुमारे चौथाई, म्हणून 1939 च्या अखेरीस भारतीय खलाशांनी ब्रिटिश बंदरांत संप केले आणि काहींनी तुरुंगवासही भोगला. जहाज बुडालं की त्या दिवसापासून पगार बंद, हा नियम तर मे 1941 पर्यंत ब्रिटिश खलाशांनाही लागू होता. युद्धात गेलेल्या सुमारे सहा हजार भारतीय खलाशांची नावं मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या नोंदवहीत आहेत.

टॉर्पेडो लागलेल्या जहाजाला वाचवायला बाकीच्यांनी थांबायचं नाही, असा दंडक होता. थांबलेलं जहाज हे पुढचं लक्ष्य. स्तंभातल्या शेवटच्या जहाजाने माणसं उचलावीत असा नियम केला, पण तो पाळणं प्रत्येक वेळी शक्य नसे. जानेवारी 1941 पासून खास बचाव जहाजं आली: किनाऱ्यावरच्या प्रवासी वाहतुकीतली लहान जहाजं, पाण्यापासून कमी उंचीचा डेक, सोबत डॉक्टर. त्यांनी चार हजारांहून अधिक माणसं वाचवली. पण ती नेहमी पुरत नसत. मार्च 1943 मध्ये एचएक्स 229 आणि एससी 122 मिळून 22 जहाजं गेली, तेव्हा एचएक्स 229 ला बचाव जहाजच नव्हतं.

दोनच महिन्यांत पारडं फिरलं. लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं मध्य अटलांटिकच्या पोकळीवर, म्हणजे आधी विमानं पोचत नसलेल्या पट्ट्यावर, पोचली, पाणबुड्यांच्या रेडिओ संदेशांची दिशा जहाजावरूनच टिपता येऊ लागली, आणि मे 1943 मध्ये जर्मनीने 41 पाणबुड्या गमावल्या. 24 मे रोजी जर्मन नौदलप्रमुख ड्योनिट्झने त्या उत्तर अटलांटिकमधून मागे घेतल्या.

त्याच सुमारास ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने 1917 सारखाच एक पक्का समज मोडीत काढला: लहान ताफा जास्त सुरक्षित. त्यांनी नोंदी तपासल्या, तर हल्ल्यात बुडणाऱ्या जहाजांची संख्या ताफा लहान असो वा मोठा, जवळपास सारखीच निघाली. मग मोठ्या ताफ्यात नुकसानाचं प्रमाण आपोआप कमी. शिवाय जहाजं दुप्पट केली की क्षेत्रफळ दुप्पट होतं, परीघ मात्र दीडपटही वाढत नाही, आणि संरक्षक नौका राखतात तो परीघ. एकाच ताफ्यात एवढी जहाजं धोक्यात घालायची या भीतीने ताफ्याच्या आकारावरची मर्यादा उठवायला वेळ गेला. जुलै 1944 मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या एचएक्स 300 मध्ये दीडशेहून जास्त जहाजं आणि दहा लाख टनांहून जास्त माल होता. सोबत कॅनडाची एक फ्रिगेट आणि सहा कॉर्व्हेट, म्हणजे अवघ्या सात लहान संरक्षक युद्धनौका. एकही जहाज गेलं नाही.