ऑनलाइन अध्यापनातील आंतरक्रिया

ऑनलाइन वर्गात विद्यार्थी, शिक्षक आणि पाठ्यविषय यांच्यात घडणाऱ्या देवाणघेवाणीस आंतरक्रिया म्हणतात. ती आपोआप घडत नसल्याने पाठ आखतानाच तिची योजना करावी लागते. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये तिचे तीन प्रकार सांगितले: विद्यार्थ्याची आशयाशी, शिक्षकाशी आणि सहाध्यायांशी होणारी आंतरक्रिया. पुढे १९९४ मध्ये हिलमन, विलिस आणि गुणवर्धना यांनी विद्यार्थी ज्या साधनातून शिकतो त्या साधनाशी होणारी आंतरक्रिया हा चौथा प्रकार मांडला.

या चौथ्या प्रकाराचे मोल पुण्यात सदाशिव पेठेतील अभ्यासिकांमध्ये चांगले कळते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी तेथे हेडफोन लावून मोबाइलवर तास ऐकतो आणि आजूबाजूला सगळे वाचत बसलेले असल्याने त्याला माइक सुरू करता येत नाही. अशा विद्यार्थ्याचे मौन म्हणजे अनास्था नव्हे. त्याला चॅटमध्ये दोन शब्द लिहिण्याची किंवा पर्याय निवडण्याची सोय मिळाली, तर तोही वर्गात सहभागी होतो.

आंतरक्रियेचा खरा कस प्रश्नाच्या घडणीत लागतो. ‘समजलं का?’ या प्रश्नाला बहुधा ‘हो सर’ एवढेच उत्तर येते आणि त्यातून शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. याउलट १/२ आणि १/३ यांची बेरीज विचारून पर्यायांत ५/६ सोबत २/५ ठेवले, तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारे विद्यार्थी तत्काळ लक्षात येतात व पुढचे पाच मिनिटांचे विवेचन नेमके त्या चुकीवर करता येते. उत्तरासाठी थांबणेही तितकेच आवश्यक आहे. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात आणि हा अवधी तीन सेकंदांवर नेल्यास उत्तरे अधिक विस्तृत होतात, असे शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांना वर्गनिरीक्षणात आढळले. ऑनलाइन तासात आवाज पोहोचायला आणि उत्तर टंकायला लागणारा वेळ धरता त्याहून बराच जास्त थांबावे लागते. पडद्यावरची ती शांतता शिक्षकाला जड वाटली तरी ती मोडू नये.

ध्वनिचित्रमुद्रित पाठांत आंतरक्रिया घडवण्याची जबाबदारी पाठाच्या रचनेवर येते. केंद्र सरकारच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर व्हिडिओ, वाचनसामग्री, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा अशी चार अंगे आहेत. यांपैकी चर्चा सर्वांत लवकर कोमेजते, कारण पहिल्या काही शंकांना उत्तर मिळाले नाही की विद्यार्थी पुन्हा लिहीत नाहीत.