‘निष्काळजीपणा’ हा शेरा आला कुठून?

हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडमधली जुनी पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारं, वाकवणारं यंत्र. तिला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात डायखाली, म्हणजे दाबणाऱ्या साच्याखाली जाणार नाही. शिफ्टचा माल पुरा व्हावा म्हणून त्यातलं एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं मी पाहिलं आहे. बोटं गेली की रिपोर्टात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहून मोकळे. खरं तर एक बटण दाबलेलंच राहिलं तर प्रेस चालू नये, अशी वायरिंग करता येते. नव्या प्रेसमध्ये ती असतेही.

नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. १८८१च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितलं. म्हणजे सुरुवात यंत्रापासूनच झाली होती. माणसावरचा ठपका पक्का झाला तो १९३१च्या सुमारास. अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिच यांनी विम्याच्या दाव्यांवरून आणि कारखानदारांच्या नोंदींवरून शंभरातले ८८ अपघात कामगाराच्या चुकीने होतात असं मांडलं. नोंदी लिहिणारे कोण होते, हे फारसं कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या झडपांऐवजी) चाकंच वर घ्यायचे. मानसशास्त्रज्ञ चपॅनिस यांनी कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही स्विच शेजारी शेजारी आणि अगदी सारखे. एकाला चाकाचा आकार दिला, दुसऱ्याला पाचरीचा. ही चूक थांबली.

२८ मार्च १९७९ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. पॅनलवरचा दिवा मात्र बंद करण्याचा सिग्नल गेला, एवढंच सांगत होता. ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद झाला असं धरलं. वर शंभराहून जास्त अलार्म एकदम वाजत होते. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी केलेल्यांना यातली घालमेल वेगळी सांगायला नको. याच अपघातावरून समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो यांनी १९८४मध्ये मांडलं की, भाग एकमेकांत गुंतलेले आणि मध्ये सावरायला वेळ नाही अशा यंत्रणेत छोटे बिघाड जुळून येतात आणि अपघात घडतोच.

त्याच वर्षी डिसेंबरात भोपाळची वायुगळती. विषारी रसायनाची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, गॅस जाळणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी सोडवलेला होता. हे काही त्या रात्रीच्या पाळीवरच्या कामगारांनी ठरवलेलं नव्हतं. फॅक्टरी कायद्याच्या १९८७च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत सुरक्षा समिती सक्तीची झाली आणि तिच्यात कामगारांनाही बसवलं गेलं.