समाजवाद्यांनी दुसऱ्यांच्या मंत्रिमंडळात जावं का? ह्या वादामागचा इतिहास

मडगावात 18 जून 1946 ला समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी पोर्तुगीजांची सभाबंदी मोडली हे गोव्यात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, पण ह्याच लोहियांनी पुढे स्वतःच्या पक्षाच्या मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागितला होता ते फारसं कोणी बोलत नाही. तो वाद समजायला आधी फ्रान्सला जावं लागतं.

1899 ला मिलराँ नावाचा समाजवादी नेता वाल्डेक-रूसोच्या मंत्रिमंडळात व्यापारमंत्री झाला. द्रेफ्यूस ह्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली त्या प्रकरणावरून देश पेटलेला, प्रजासत्ताक वाचवायचं म्हणून समाजवादी नेते झॉरेसनी त्याला पाठिंबा दिला, पण त्याच मंत्रिमंडळात युद्धमंत्री कोण तर जनरल गालिफे, 1871 ला पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या कामगारांच्या उठावातल्या लोकांना गोळ्या घालणारा! त्याच्या शेजारी बसायचं हे कामगारांना पचणार कसं? समाजवाद्यांतले कडवे मार्क्सवादी नेते गेद आणि त्यांची माणसं उसळली. 1900 ला पॅरिसमधे जगभरच्या समाजवादी पक्षांची परिषद भरली, तिथे जर्मन मार्क्सवादी काउत्स्कीने मधला मार्ग काढला, की असं पद अपवाद म्हणून, तात्पुरतं आणि पक्षाच्या संमतीने घ्यावं. मला ह्यातली संमतीची अट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पुढची सगळी भांडणं तिथेच येऊन अडलीत. 1904 ला आम्स्टरडॅमच्या परिषदेत तेही दार बंद केलं, आणि 1914 ला युद्ध लागल्यावर गेद स्वतःच मंत्री झाले.

आपल्याकडे काँग्रेसमधल्याच समाजवाद्यांच्या गटाने, काँग्रेस समाजवादी पक्षाने, 1937 ला प्रांतांत मंत्रिपदं घ्यायला विरोध केला, काँग्रेसने ती घेतलीच. 1953 ला नेहरूंनी समाजवादी नेते जयप्रकाश नारायणना सहकार्यासाठी बोलावलं, जयप्रकाशनी 14 कलमी कार्यक्रम पुढे ठेवला, नेहरूंनी त्याला बांधून घेतलं नाही, बोलणी संपली. माझ्या मते जयप्रकाशनी केलं तेच योग्य, आधी काम ठरवा मग खुर्चीचं बघू.

1954 ला त्रावणकोर-कोचीनमधे (आजच्या केरळात) लोहियांच्याच प्रजा समाजवादी पक्षाचे पट्टम थानू पिल्लै काँग्रेसच्या टेकूवर मुख्यमंत्री झाले आणि ऑगस्टमधे पोलिसांनी तमिळ आंदोलकांवर गोळीबार केला, माणसं मेली. लोहिया म्हणाले राजीनामा द्या, सरकार आपलं आहे म्हणून काय झालं. राजीनामा आला नाही, पक्ष मात्र फुटला, 1955 अखेर लोहियांनी वेगळा पक्ष काढला. आणि त्याच वर्षी फुटीच्या दोन बाजूंचे लोक, ना. ग. गोरे आणि मधू लिमये, गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रह करून पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेले होते. प्रजा समाजवादी पक्षाचे नेते अशोक मेहता 1963 ला नेहरूंच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, तेव्हा पक्षाने त्यांना काढलं.

मग 1977. मोरारजींच्या मंत्रिमंडळात मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, हेही गोव्याच्या सत्याग्रहातलेच. सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर दोन इंचाचा फोम बसवायचा निर्णय त्यांचा, रात्रभर फळीवर पाठ मोडून प्रवास केलेल्यांना विचारा त्याची किंमत. म्हणून पद घेतलं की माणूस विकला गेला असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. लिमयेंनी मात्र मंत्रिपद घेतलंच नाही, संघाच्या दुहेरी सदस्यत्वाचा, म्हणजे जनता पक्षात राहून संघातही राहता येतं का हा प्रश्न ते बाहेरून लावून धरू शकले. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते, आणि 1998 ला ते वाजपेयींचे संरक्षणमंत्री झाले. समता पक्ष त्यांनीच काढलेला, त्यामुळे हे पद नको म्हणून त्यांना परत बोलावेल असं तोवर कोणी राहिलं नव्हतं.