वीस मिलिमीटरच्या शाफ्टवरचे दोन टन

गळीत हंगाम आटोपला की सांगली जिल्ह्यातले उसाचे अनेक जुने ट्रक पावसाळाभर वस्तीवर किंवा रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत उभे राहतात, आणि दसऱ्याच्या सुमारास ते पुन्हा बाहेर काढायचे ठरले की कुपवाड, मिरज, तासगाव, विटा या भागांतल्या गॅरेजांमध्ये दुरुस्तीची रांग लागते. या दुरुस्तीत नेहमी निघणारे एक काम पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचे असते. पंपाच्या तोंडाशी असलेले रबरी ऑईल सील वयोमानाने कडक होते, तेल पुलीच्या मागून झिरपू लागते, आणि ते सील बदलायचे तर आधी पुढची पुली उतरवावी लागते. कित्येक पंपांचे बोल्टसुद्धा पुलीच्या आड असल्यामुळे अख्खा पंप काढायचा म्हटले तरी सुरुवात पुलीपासूनच होते. पुली मात्र जागची हलत नाही. मग हातोडा येतो, पहार येते, शेवटी गॅसची ज्योत येते आणि साध्या सीलचे काम नव्या पंपावर जाते.

‘गंज धरलाय’ एवढे निदान बहुतेकांना पुरते. गंजाचा वाटा आहेच, पण मुख्य कारण दुसरे आहे आणि ते कारखान्यातच जाणूनबुजून घडवलेले असते. काही ट्रकांत पंप गिअरवर फिरतो, तिथे हा प्रश्नच येत नाही. पट्ट्यावर फिरणाऱ्या पंपाच्या पुलीवर मात्र बॅटरी मारून नीट पाहावे. काही पंपांत मध्यभागी मोठा नट दिसतो, त्यांच्याकडे पुढे येऊ. बाकीच्यांत नट नाही, चावी (पुली घसरू नये म्हणून खाचेत बसवायचा पोलादी तुकडा) नाही, पिनही नाही. शाफ्टचे, म्हणजे पंप फिरवणाऱ्या दांड्याचे, गुळगुळीत टोक, बहुधा त्याच्या मधोमध आटे पाडलेले एक भोक, आणि त्याभोवती पुलीची जाड कॉलर, जिच्यावर गोलाकार खाच कोरलेली असते, एवढेच दिसते. पुलीला धरून ठेवणारी वस्तू अशी कोणतीच नाही.

तिला धरून ठेवतो तो मापातला फरक. पुलीचे भोक शाफ्टपेक्षा किंचित लहान कातलेले असते आणि पुली यंत्राने दाबून वर चढवलेली असते. वर्कशॉपमध्ये याला ‘प्रेस फिट’ म्हणतात. शाफ्टचा व्यास २० मिलिमीटर असेल, तर भोक साधारण ०.०२५ मिलिमीटरने लहान, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. एवढ्या फरकाने कॉलर ताणली जाते, शाफ्ट आवळला जातो, आणि पोलाद स्थितिस्थापक असल्याने कॉलर आपल्या मूळ मापाला परतण्यासाठी शाफ्टवर सतत दाब देत राहते. हा दाब किती, ते जाड नळ्यांतील ताणांविषयी फ्रेंच गणितज्ञ गाब्रिएल लामे यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या समीकरणांवरून काढता येते. कॉलरचा बाहेरचा व्यास ३२ आणि लांबी २५ मिलिमीटर धरली, तर दाब सुमारे ७८ मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला जवळपास आठ किलो येतो. शाफ्ट आणि भोक यांचा परस्परांना भिडलेला पृष्ठभाग जवळपास १५७० चौरस मिलिमीटर आहे. दोहोंचा गुणाकार केला की साडेबारा टनांच्या आसपासचे आवळणारे बळ हाती लागते. घर्षणांक, म्हणजे आवळणाऱ्या बळाचा किती हिस्सा घर्षणाच्या विरोधात उतरतो तो आकडा, ०.१५ घेतला, तर पुली शाफ्टवरून सरकवण्यासाठी जवळजवळ दोन टनांचे बळ लागते. गंजाचा एक कणही या हिशोबात अजून आलेला नाही.

याच तत्त्वावर याहून कितीतरी मोठी कामे चालतात. मिरज जंक्शनवरून जाणाऱ्या रेल्वेगाड्यांची चाके आपापल्या आसांवर चावीशिवाय, केवळ अशाच आवळलेल्या बसवणीने उभी असतात आणि आख्ख्या गाडीचे वजन पेलत धावतात. तेव्हा जाम झालेली पुली ही बिघडलेली वस्तू आहे, अशा समजुतीने कामाला लागणे मुळातच चुकीचे आहे. ती नेमून दिलेले काम चोख करत आहे.

त्यावर गंजाची भर पडते. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जास्त जागा व्यापतो. मोकळ्या पत्र्यावर तो फुगून पापुद्रे सुटतात, पण कॉलर आणि शाफ्ट यांच्यामध्ये फुगायला जागा नसल्याने तोच गंज पाचरीसारखा ठासून बसतो. त्यातही पट्टा पुलीला सतत एका बाजूला ओढत असल्यामुळे दर फेऱ्याला कॉलरच्या कडा शाफ्टवर अत्यंत सूक्ष्म प्रमाणात घासतात, धातूचे कण सुटतात आणि हवेशी संयोग होऊन त्यांची तांबूस-तपकिरी भुकटी होते. पुलीच्या तोंडाशी विटकरीच्या पुडीसारखे वर्तुळ दिसले, तर आत हे घडून गेले आहे असे खुशाल समजावे. २०१९ आणि २०२१ सालच्या कृष्णेच्या पुरांत ज्या गाड्या पाण्यात राहिल्या, त्यांच्या बाबतीत गाळ आणि ओलावा हे दोन्ही या फटीच्या तोंडाशी साचतात. भेदक तेल मारून एक रात्र ठेवावे, हा सल्ला म्हणून योग्यच आहे. केशाकर्षणाने तेल सूक्ष्म फटींत आपोआप शिरते आणि गंजलेल्या भागात त्याचा उपयोग होतो; परंतु जिथे धातू धातूला घट्ट भिडला आहे, तिथे शिरायला वाटच नसते, त्यामुळे केवळ तेलाने पुली सुटेल अशी आशा धरू नये.

आता हातोड्याविषयी. पुलीच्या मागून किंवा शाफ्टच्या टोकावर घाव घातला, तर ते बळ पुढे कुठे जाते, हा विचार क्वचितच केला जातो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला पंपाचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, असतो. त्याच्या खाचांत पोलादी पाती आत-बाहेर सरकत तेल ढकलतात आणि शंभर बारच्या आसपास किंवा त्याहून अधिक दाब तयार करतात. एवढा दाब टिकावा म्हणून रोटर आणि बाजूच्या चकत्या यांतले अंतर मिलिमीटरच्या शतांशांत राखलेले असते. टोकावरचा घाव शाफ्टमधून थेट या चकत्यांवर पोहोचतो. पुली कदाचित सुटेलही, पण पंप आतून ओरखडला जातो आणि नवे सील बसवल्यावरही स्टिअरिंग जडच राहते. पहारीने मागून उचकटले, तर पंपाचे बीडाचे किंवा ॲल्युमिनियमचे अंग चिरते. पुलीच्या बाहेरच्या कडेला तीन पायांचा साधा पुलर (पुली ओढून काढायचे अवजार) लावला, तर पत्र्याची पुली छत्रीसारखी उलटी होते, कारण बळ कडेवर पडते आणि आवळण मध्ये असते.

कॉलरवरची ती गोल खाच याच कामासाठी ठेवलेली आहे. या पुलीसाठी मिळणाऱ्या पुलरचे दोन अर्धगोल जबडे त्या खाचेत बसतात, त्यांच्यावर एक कडे चढते आणि मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकतो. स्क्रू फिरवला की कॉलर बाहेर ओढली जाते आणि नेमक्या तेवढ्याच बळाने शाफ्ट आत दाबला जातो. दोन टनांचा सगळा खेळ खाच, जबडे, स्क्रू आणि शाफ्ट यांच्यातच पुरा होतो आणि पंपाच्या आतल्या भागांपर्यंत त्यातले काहीच पोहोचत नाही. माझ्या मते या कामातली खरी कळ एवढीच आहे. किती जोर लावला यापेक्षा तो जोर कोणत्या वाटेने गेला, यावर पंप वाचणार की नाही हे ठरते.

जोर फार लागतही नाही. स्क्रूच्या आट्यांतले अंतर दीड मिलिमीटर आणि पाना २० सेंटिमीटर लांब असेल, तर एका फेऱ्यात हात सव्वा मीटरहून थोडा अधिक फिरतो आणि स्क्रू जेमतेम दीड मिलिमीटर पुढे जातो. कागदावर ही आठशेपट वाढ झाली. प्रत्यक्षात तिचा चार-पंचमांशाहून मोठा भाग आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो, तरीही सव्वाशेपट उरते, म्हणजे पंधरा-सोळा किलोच्या जोराने दोन टन मिळतात. स्क्रूला आणि त्याच्या टोकाला ग्रीस लावल्यास यात मोठा फरक पडतो. ग्रीसच्या बोटभर लपक्याची किंमत या कामात पान्यावर चढवलेल्या लांब पाईपपेक्षा जास्त आहे, आणि पाईप लावणाऱ्यांनीच बहुतेक पुलरांचे आटे उडवलेले असतात.

एवढे करूनही पुली हलली नाही, तर उष्णतेची मदत घ्यावी, पण ती बेताने. बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव चढवताना लोहार ती लोखंडी पट्टी गोवऱ्यांच्या आगीत तापवत, फुगलेली धाव चाकावर घालत आणि पाणी ओतून आवळत. आपल्याला त्याच क्रियेचे पहिले अर्धे हवे आहे. पोलादाचा प्रसरणांक अंशामागे एक कोटी भागांत सुमारे १२० भाग इतका आहे. त्यानुसार २० मिलिमीटरचे भोक ६० अंशांनी तापले की ०.०१४ मिलिमीटरने मोठे होते. आपला फरक ०.०२५ चा होता, म्हणजे उरला ०.०११. दाब हा या फरकाच्या प्रमाणात असल्याने दोन टनांचे काम एका टनाच्या आत येते. अट अशी की तापमान फक्त कॉलरचे वाढले पाहिजे. शाफ्टही तितकाच तापला तर दोन्ही सारखेच फुगतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. म्हणून आधी पुलरवर ताण चढवून ठेवावा, मग हॉट एअर गनने कॉलर भराभर तापवावी आणि उष्णता आत उतरण्यापूर्वीच स्क्रू फिरवावा. ऑक्सि-ॲसिटिलीनची ज्योत ३००० अंशांच्या वर असते; तिने कॉलर, शाफ्ट, बेरिंग सगळे एकदमच तापते, पत्र्याची पुली वाकडी होते आणि तेलाने माखलेला पंप पेट घेऊ शकतो. सील बदलायचेच आहे तर जळाले म्हणून काय बिघडले, असा युक्तिवाद ऐकू येतो. पण आतल्या रबरी कड्या बदलायच्या नसतात आणि पंपांत सर्रास वापरले जाणारे नायट्राइल रबर शंभर अंशांच्या फार पुढे टिकत नाही.

सुटण्याचा क्षण आवाजाने कळतो. स्क्रू कडक होत जातो, पाना जागेवर थबकल्यासारखा वाटतो आणि मग ‘टक्’ असा कोरडा आवाज होऊन पुली केसभर पुढे येते. स्थिर वस्तू हलवायला लागणारे बळ ती सरकत ठेवायला लागणाऱ्या बळापेक्षा जास्त असते, आणि दीर्घकाळ एका जागी राहिल्याने ते वाढते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल कूलों यांनी अठराव्या शतकातच प्रयोगांनी दाखवले होते. या क्षणी पुलरमध्ये साठलेला ताण एकदम मोकळा होत असल्यामुळे डोळ्यांवर चष्मा असावा आणि तोंड पुलीच्या सरळ रेषेत नसावे. त्यापुढे भिडलेली लांबी कमी कमी होत जाते, तसा जोरही कमी लागतो. मात्र पुली शेवटच्या मिलिमीटरपर्यंत धरून राहते.

मध्यभागी नट असलेल्या पुलीचे वागणे याहून वेगळे असते. तिथे शाफ्ट निमुळता असतो, बहुधा अर्धचंद्राकृती चावीही असते. निमुळतेपणाचा कोन घर्षणाच्या कोनापेक्षा (ज्या उतारावर वस्तू आपोआप घसरू लागते त्यापेक्षा) बराच कमी ठेवलेला असल्याने नट काढला तरी पुली आपणहून सुटत नाही, पण एकदा केसभर सरकली की पूर्ण मोकळी होते आणि उडूही शकते. म्हणून नट सगळा न काढता दोन-चार आट्यांवर ठेवावा. पुली त्याला अडते आणि शाफ्टचे आटेही दबत नाहीत.

परत बसवताना हातोड्याचा मोह पुन्हा होतो आणि परिणामही तोच होतो. शाफ्टच्या टोकात आटे असतील, तर त्यात बोल्ट अडकवून त्याच्या आधाराने पुली दाबत न्यावी. इथेही बळाची वाट शाफ्ट आणि कॉलर यांच्यातच राहते. पुली टोकापासून किती आत होती, ते काढण्यापूर्वीच मोजून ठेवावे, कारण ती पट्ट्याच्या इतर पुल्यांच्या रेषेत आली नाही, तर पट्टा किंचाळतो आणि कडेने झिजतो. जुनी पुली अनेकदा काढली-घातली गेली असेल, तर भोकाचे सूक्ष्म उंचवटे दर वेळी घासून सपाट होतात आणि ते ०.०२५ मिलिमीटर हळूहळू संपत येते. पुली हाताच्या जोराने चढू लागली, तर ती नवीच घ्यावी; अशी पुली घाटात स्टिअरिंग पूर्ण वळवताना, म्हणजे पंपावर भार सर्वाधिक असताना, शाफ्टवर गरगरते किंवा सरकत सरकत बाहेर येते.