राजीनाम्याच्या मागे कोण उभे होते

पुण्यात किंवा बेंगळुरूत कंपनीत काही वर्षे काढून राजीनामा देणारी आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडे परतणारी मुले-मुली आता गावोगाव भेटतात. कुणी भाजीपाला लावतो, कुणी गायी पाळतो, कुणी गावच्या मराठी शाळेतल्या मुलांचे गणित पक्के करून घेते. घरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बांधलेला पगार सोडून आलास, आता खाणार काय?" बाहेरचे लोक त्याच गोष्टीला धाडस म्हणतात. काळजी करणारा आणि कौतुक करणारा, दोघेही राजीनामा हा एकट्या माणसाचा निर्णय मानतात. आपल्या भागाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

सुरुवात लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून करावी लागते. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. यंत्रांच्या सहवासातले काम, तेही आवडीचे. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली, आणि त्यांनी नोकरी सोडली. त्यांचा हा स्वाभिमान सगळ्यांना आठवतो. त्यामागची तयारी फारशी कुणी सांगत नाही. थोरले बंधू रामूअण्णा बेळगावातच होते आणि मुंबईची नोकरी चालू असतानाच दोघा भावांनी सायकलींचा धंदा मांडला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. म्हणजे लक्ष्मणराव परतले तेव्हा दुकान उभे होते, गिऱ्हाईक होते, आणि हिशेब पाहणारा सख्खा भाऊ होता. कंपनीच्या नावात 'ब्रदर्स' आले ते उगाच नाही.

पुढचा काळही सोपा गेला नाही. कडबा कापायचे यंत्र निघाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. धंदा जरा मार्गी लागतो तोच ठळकवाडीच्या वसाहतीसाठी नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी जमीन दिली, कर्ज दिले, आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. बेळगावने आपला कारखाना गमावला, ही गोष्ट मला आजही लागते. आधी भावाचा आणि मग राजाचा आधार नसता, तर मुंबईतला तो राजीनामा एका हुशार माणसाच्या कडू आठवणीपलीकडे गेला नसता.

त्याच सुमारास शिक्षणाच्या क्षेत्रात ही वाट रुंद होत होती. काकासाहेब कालेलकर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन आले आणि १९०८ साली बेळगावच्या गणेश विद्यालय या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक झाले. सरकारी खात्यात चिकटण्याइतके शिक्षण असूनही राष्ट्रीय शाळेत जायचे, हे त्या पिढीच्या अनेकांनी केले. १९१६ साली कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी, म्हणजे आजची केएलई, स्थापन झाली. तिच्या सात संस्थापकांना कन्नड समाज सप्तर्षी म्हणतो. आपण मराठी माणसांनीही हा इतिहास आपल्याच गावचा म्हणून वाचायला हवा. शिक्षकांनी आयुष्य द्यायचे आणि समाजातल्या दात्यांनी संस्थेला पैसा द्यायचा, अशी ती वाटणी होती.

१९२० च्या असहकाराने तर नोकरी आणि वकिली सोडण्याला राष्ट्रीय कार्यक्रमाचेच रूप दिले. वकिलांनी कोर्टे सोडावीत, विद्यार्थ्यांनी सरकारी शाळा सोडाव्यात, असे आवाहन होते. बेळगावात या सगळ्याच्या मध्यभागी हुदलीचे गंगाधरराव देशपांडे होते. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याचा भार त्यांनी वाहिला. अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही तिथे आहे. पण त्यांचे खरे टिकाऊ काम हुदलीचे. तिथे चरखा आणि खादी रुजली, १९३७ साली गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी गांधीजी त्या गावी येऊन राहिले, आणि हुदलीत अजूनही खादी निघते. शहरातले काम सोडून आलेल्या कार्यकर्त्याला गावात सूत कातणाऱ्या बायका आणि विणकर भेटले, म्हणून त्याला करण्याजोगे काम मिळाले.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि नोकरीचा अर्थच पालटला. राज्याचा कारभार कन्नडमध्ये आणि इथल्या मुलाचे शिक्षण मराठीत. सरकारी कचेरीची दारे अरुंद झाल्यावर कोल्हापूर, पुणे, मुंबई हाच रस्ता उरला. या सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, दरम्यान दोन पिढ्या बाहेर पडल्या. म्हणूनच इथे 'मनासारखे काम' या शब्दांत गावात राहून करता येणारे काम ही अपेक्षा मिसळलेली असते. इतर ठिकाणचा तरुण कंटाळून नोकरी सोडतो. आपल्याकडच्या तरुणाने ती नोकरी मुळात गाव सोडून पत्करलेली असते.

नोकरी सोडून आलेल्या एका माणसाने या भागात किती मोठी उलथापालथ घडवली, ते निपाणीने पाहिले. शरद जोशी भारतीय टपाल सेवेतले अधिकारी, नंतर स्वित्झर्लंडमधल्या बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत. ते सोडून ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसू लागले. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठिय्या दिला तेव्हा नेतृत्व जोशींचे होते. बैलगाड्या आणि बायका-मुलांसह हजारो लोक तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्त्यावर राहिले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांची संघटना निपाणीत प्रा. सुभाष जोशींनी आधीच बांधायला घेतली होती. वखारीतल्या मजूर बायका आणि तंबाखू पिकवणारा शेतकरी एका बाजूला उभे राहिले, हे त्या जमिनीत आधी झालेल्या नांगरणीचे फळ होते.

या भागात आणखी एक शांत परंपरा आहे, तिच्याकडे शहरी चर्चेचे लक्ष जात नाही. बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. आसपासच्या गावांतला शिपाई पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो आणि पेन्शन घेऊन घरी येतो. मग दुसरे आयुष्य सुरू होते: दूध डेअरी, भरतीसाठी पोरांना पहाटे पळवणे, गावच्या तालमीची जबाबदारी. महिन्याला येणारी छोटी पण नेमाची रक्कम माणसाला किती मोकळे करते, ते या फौजी घरांत दिसते.

आज परतणाऱ्यांची अडचण जमिनीची आहे. कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यातील कलम ७९ अ आणि ७९ ब प्रमाणे, शेतकरी नसलेल्याला किंवा शेतीबाहेरचे उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असलेल्याला शेतजमीन घेता येत नव्हती. २०२० च्या दुरुस्तीने ही कलमे गेली. पगारदाराला दार उघडले, पण त्याच दारातून मोठा पैसाही आत येऊ शकतो. दुसरीकडे बेळगाव शहराजवळचे बासमती पिकवणारे शिवार घरांखाली जात आहे, आणि हलगा-मच्छे बायपासविरुद्ध सुपीक जमिनीसाठी शेतकरी वर्षानुवर्षे कोर्टात झगडले आहेत. ज्याच्या वाट्याला वडिलोपार्जित तुकडा आहे त्यालाही उतारा कन्नडमध्ये मिळतो, नावे चुलत्यांची असतात, आणि विहिरीचे पाणी भाऊबंदांत वाटलेले असते. परतणाऱ्याने पगार सोडण्याआधी चुलत्यांशी बसून बोलावे, उतारा कुणाकडून तरी नीट वाचून घ्यावा, पाण्याची पाळी ठरवावी. रामूअण्णांनी बेळगावात दुकान सांभाळले होते, तेवढी तयारी झाली की राजीनाम्याची तारीख ठरवता येते.