बँकर आमदार : पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी गावपुढाऱ्यांची चरित्रे चाळली की ‘राज्य विधिमंडळाचे सदस्य आणि बँकर’ ही जोडी सारखी भेटते. हा योगायोग नव्हे. बँक काढायला सनद लागे आणि प्रत्येक बँकेसाठी वेगळा कायदा करून ती विधिमंडळच देई. १७९९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका आमदाराने पाणीपुरवठा कंपनीच्या सनदेत उरलेले भांडवल इतरत्र गुंतवण्याचे कलम बेमालूम घातले आणि त्यातून बँक उभी केली. १८१२ मध्ये एका सनदेसाठी लाच वाटल्याच्या आरोपावरून तिथल्या गव्हर्नरने अधिवेशनच तहकूब केले. पुन्हा सभा भरल्यावर सनद मंजूर झालीच.

यावरचा उतारा म्हणजे ‘फ्री बँकिंग’, आणि या शब्दानेच पुढे सगळा घोळ घातला. इथे ‘फ्री’ म्हणजे मोकाट नव्हे. आमदारांची मनधरणी टळली, एवढीच मोकळीक. अटी पुऱ्या करा, बँक काढा, बँकेने स्वतः छापलेल्या नोटांपोटी राज्याकडे तारण ठेवा. मिशिगनने १८३७ मध्ये आणि न्यूयॉर्कने १८३८ मध्ये असे कायदे केले. मिशिगनमध्ये जमिनीची गहाणखतेही तारण म्हणून चालली. नाण्यांची तीच पिंपे तपासनिसांच्या पुढे पुढे एका बँकेतून दुसरीत धावत असल्याचे किस्से तिथलेच. न्यूयॉर्कची व्यवस्था बरीच टिकली, पण नाव खराब झाले ते सगळ्यांचेच.

खरे तर लबाडांपेक्षा कायद्याच्या तारणयादीकडे बघायला हवे. कोणते रोखे चालतील, हे अजूनही विधिमंडळच ठरवत होते. इलिनॉय आणि विस्कॉन्सिनच्या बँकांनी दक्षिणी राज्यांचे रोखे भरले होते. १८६१ मध्ये उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटले, रोखे कोसळले, नोटा नाकारल्या जाऊ लागल्या. जूनमध्ये मिलवॉकीत चिडलेला जमाव बँकांवर चालून गेला. त्या बँकरांनी कायदा मोडला नव्हता, पाळला होता!

१८६३-६४ मध्ये राष्ट्रीय सनदेच्या, म्हणजे केंद्र सरकारने सनद दिलेल्या बँका आल्या. १८६५ च्या कायद्याने राज्य बँकांच्या नोटांवर १० टक्के कर बसवला; तो वसुलीसाठी नव्हताच, त्या नोटा संपवण्यासाठी होता. १८६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश युद्धकाळात स्वतः अर्थमंत्री होते, हे विसरू नये.

मग गावच्या बँकरने राष्ट्रीय सनद घेतली, नाहीतर ठेवी आणि चेकवर पेढी चालवली. आमदारकी सुटली नाही. अनेक राज्यांत अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, तेही थोडेच दिवस भरे. तेवढ्यापुरता गल्ला कारकून सांभाळी.