डार्क फ्रेम (खगोल-छायाचित्रण)

डार्क फ्रेम म्हणजे कॅमेऱ्याला झाकण लावून घेतलेला फोटो. आकाशाचे फोटो टिपताना एक्सपोजरचा जो वेळ, जो आयएसओ किंवा गेन (सेन्सरचा संकेत किती वाढवायचा याचा आकडा) आणि सेन्सरचे जे तापमान होते तेच कायम ठेवायचे, फक्त प्रकाश आत येऊ द्यायचा नाही. अशा फ्रेमवर जे उमटते ते आकाशातले नसते, सेन्सरचे स्वतःचे असते. म्हणून ते मूळ फोटोतून वजा करता येते.

झाकण लावलेला फोटो काळाकुट्ट निघेल असे वाटते, तसा तो निघत नाही. मृगातल्या तेजोमेघाचा दोन मिनिटांचा फोटो घ्यावा, लगेच झाकण लावून तितक्याच वेळाची डार्क घ्यावी आणि दोन्ही पडद्यावर मोठे करून शेजारी ठेवावेत. तांबडे, निळे, हिरवे ठिपके दोन्हीकडे नेमके त्याच जागी सापडतात. हे हॉट पिक्सेल. नवख्याला ते तारेच वाटतात. पण ताऱ्याची कडा मऊ असते, तो शेजारच्या चार-सहा पिक्सेलांवर पसरतो. हॉट पिक्सेल एकटाच टोचल्यासारखा उभा असतो. काही सीमॉस सेन्सरांच्या कोपऱ्यात फिकट उजेडही साचलेला दिसतो, त्याला अँप ग्लो म्हणतात.

हे घडते उष्णतेमुळे. सिलिकॉनमध्ये प्रकाशाने इलेक्ट्रॉन सुटतात तसे उष्णतेनेही सुटतात, आणि सेन्सरला दोहोंतला फरक कळत नाही. उष्णतेच्या या प्रवाहाला डार्क करंट म्हणतात. दर ६ अंश सेल्सिअसला तो ढोबळमानाने दुप्पट होतो. इंदूरला जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, मे महिन्यात २५ च्या. या १५ अंशांत डार्क करंट सुमारे साडेपाच पट वाढतो. थंडीत काढलेल्या डार्क उन्हाळ्यातल्या फोटोंना चालत नाहीत त्या यामुळेच.

तापमानाचा प्रश्न एकाच रात्रीतही येतो. शब-ए-मालवा म्हणून माळव्याची रात्र नावाजलेली आहे. दिवस कितीही तापला तरी रात्र निवत जाते. इंदूरहून महूच्या पुढे, चंबळेचा उगम मानल्या जाणाऱ्या जानापावच्या टेकडीसारख्या उंचवट्यावर कॅमेरा लावला, तर संध्याकाळी आठचे आणि पहाटे चारचे तापमान सहज काही अंशांनी वेगळे असते. बहुतेक जण सगळ्या डार्क पहाटे, सामान आवरता आवरता घेतात. त्या वेळी सेन्सर सर्वांत थंड असतो आणि रात्रीच्या पूर्वार्धातल्या फोटोंमधले ठिपके पुरते जात नाहीत. थोड्या सुरुवातीला, थोड्या मधे, थोड्या शेवटी अशा वाटून घेणे हाच मला खरा उपाय वाटतो. आकाशाचा मोलाचा वेळ जातो हे खरे, पण घरी येऊन बंद खोलीत घेतलेल्या डार्कपेक्षा त्या कितीतरी उपयोगी पडतात. डीएसएलआर असेल तर डोळा लावायची खिडकीही काळ्या कापडाने झाकावी. तिथून प्रकाश झिरपतो.

इथे एक गैरसमज मुळातून काढायला हवा. डार्क वजा केली की नॉइज, म्हणजे फोटोतला खरखरीतपणा, गेला, असे नसते. दर फ्रेममध्ये त्याच जागी येणारा साचा तेवढा जातो. इलेक्ट्रॉन यदृच्छेने सुटतात, त्यातून येणारा चढउतार मागे राहतो. १०० इलेक्ट्रॉन जमले तर हा चढउतार १० चा, १०,००० जमले तर १०० चा, म्हणजे संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. तो कमी होतो फोटोंची सरासरी घेतल्याने: १६ फोटोंनी चौपट सुधारणा. वजा करायच्या डार्कमध्येही हाच चढउतार असतो. एकच डार्क वजा केली तर सेन्सरकडून येणारा यादृच्छिक नॉइज उलट सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. २० डार्कची सरासरी, म्हणजे मास्टर डार्क, वजा केली तर ही वाढ अडीच टक्क्यांवर येते. कॅमेऱ्यातली ‘लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन’ ही सोय दर फोटोमागे एकच डार्क घेते आणि निम्मी रात्र खाते, म्हणून ती बंद ठेवावी.

शहराच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशाचा नॉइज डार्कने जात नाही, कारण तो प्रकाश बाहेरचा आहे. धुळीचे डाग आणि कडेचा अंधार यांसाठी फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो, लागतात. बायसची पातळी, म्हणजे प्रकाश वा उष्णता नसतानाही सेन्सर देतो तो मूळ आकडा, डार्कमध्ये आधीच असते, त्यामुळे बायस आणि डार्क दोन्ही सरळ वजा केल्यास ती दोनदा वजा होते. फोटो आणि डार्क दोन्ही रॉ, म्हणजे सेन्सरचे आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या, स्वरूपातच हवेत. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने आकडे आधीच बदललेले असतात.

शीतक असलेल्या कॅमेऱ्यात सेन्सरचे तापमान ठरवून ठेवता येते, म्हणून त्याच्या डार्क महिनोन्महिने वापरता येतात. माळव्यात त्यांचा संग्रह करायला पावसाळा सोयीचा: आभाळ भरलेले असते आणि कॅमेरा तसाही रिकामाच असतो. मात्र मे महिन्यात उणे १० अंश गाठायचे तर हवेपेक्षा ३५ अंश खाली जावे लागते, आणि पुष्कळ शीतकांची मर्यादा तिथेच येते. अशा वेळी संग्रहात ० अंशाच्या डार्कचा वेगळा संच असलेला बरा.